कोट्यधीशांचे कारभारी

शंभर कोटींचं पाकीट सांभाळणारी माणसं नेमकं काय करतात? आपल्याला न मिळणारी एखादी जादूची स्कीम त्यांच्याकडे असते का? बीकेसीच्या काचेच्या इमारतींत मी हे विचारत फिरले. उत्तर मात्र सापडलं साताऱ्यात, आमच्याच घरातल्या कपाटात!

लिफ्टचं दार उघडलं आणि मला वाटलं, आपण चुकून आर्ट गॅलरीत आलो. भिंतीवर मोठ्ठी पेंटिंग्ज, मंद पिवळा उजेड, कोपऱ्यात पांढरी ऑर्किड्स. टोकन नंबर नाही, 'लंच टाइम'ची पाटी नाही, दोरीला बांधलेलं पेन नाही. एका मुलीने हसून थेट नावानिशी स्वागत केलं आणि विचारलं, ''कॉफी घेणार की ग्रीन टी?'' कॉफी आली ती अशा कपात, की तो फुटला तर माझ्या महिन्याच्या बजेटचं काय होईल, या भीतीने मी दोन्ही हातांनी धरून प्यायले.

हे ऑफिस एका वेल्थ मॅनेजमेंट फर्मचं. खूप श्रीमंत कुटुंबांचा पैसा सांभाळणं हा त्यांचा धंदा. खूप म्हणजे किती? इथे गुंतवायला निदान पंचवीस कोटी हातात असतील तर गप्पा सुरू होतात. राहतं घर त्यात धरायचं नाही, धंद्यात अडकलेला पैसाही नाही. मी मनातल्या मनात माझा बॅलन्स आठवला. एक्केचाळीस हजार, अधिक दोन संपादकांकडून येणं असलेले चेक. गप्पा सुरू व्हायला थोडे कमी पडत होते!

पण मुंबईत अशी गिऱ्हाइकं कमी नाहीत. 'हुरुन'च्या २०२४च्या जागतिक यादीत मुंबईत ९२ अब्जाधीश होते आणि बीजिंगमध्ये ९१. त्या वर्षी आपल्या शहराने आशियात पहिला नंबर मारला. आणि ही झाली फक्त डॉलरमधल्या अब्जाधीशांची मोजदाद. भोसरी, चाकण, इचलकरंजी, नाशिकमध्ये कारखाने उभे करून ज्यांनी शांतपणे पन्नास-शंभर कोटी कमावले, ते या यादीत कुठेच नाहीत. वेल्थवाल्यांचा डोळा खरं तर त्यांच्यावरच जास्त आहे.

माझा कॉलेजमधला एक मित्र याच धंद्यात आहे. मी मास कॉमला गेले, तो एमबीएला. त्याचं कार्ड 'रिलेशनशिप मॅनेजर' म्हणतं, म्हणून आपण त्याला आरएमच म्हणूया. नाव छापायचं नाही आणि वडापाव मी खिलवायचा, या दोन अटींवर तो बोलायला तयार झाला.

दिवाणजी ते आरएम

''आम्ही काही नवीन नाही गं,'' आरएम म्हणाला. ''तुझ्या गावातल्या सावकाराच्या वाड्यात दिवाणजी असायचा ना? तोच मी. फक्त धोतराऐवजी सूट.''

खोटं नाही. पेशव्यांच्या राज्यात हिशेबाची दप्तरं फडणीसांकडे असायची. कोण किती देणं लागतं, कुठल्या गावाचा वसूल यायचाय, हे धन्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक. युरोपात हीच मंडळी बँकर झाली. लंडनची 'कुट्स' १६९२ सालची, जिनिव्हाची 'पिक्टे' १८०५ची. अमेरिकेत तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःचा पैसा आणि दानधर्म बघायला वेगळं ऑफिस थाटलं. एकाच घराण्यासाठी राबणाऱ्या अशा ऑफिसला आज 'फॅमिली ऑफिस' म्हणतात. आपल्याकडे अझीम प्रेमजींचं 'प्रेमजी इन्व्हेस्ट' किंवा नारायण मूर्ती कुटुंबाचं 'कॅटामरान' ही त्याची ठळक उदाहरणं.

ज्यांना स्वतंत्र ऑफिस परवडत नाही (म्हणजे ज्यांच्याकडे 'फक्त' पन्नास-शंभर कोटी आहेत!) ते अनेक कुटुंबं सांभाळणाऱ्या फर्मकडे जातात. हा धंदा भारतात फोफावला तो गेल्या वीसेक वर्षांत. आज '३६० वन' म्हणून ओळखली जाणारी कंपनी २००८मध्ये 'आयआयएफएल वेल्थ' म्हणून सुरू झाली. परदेशी बँकांचं मात्र आत-बाहेर चालू असतं. एचएसबीसीने २०१५मध्ये भारतातलं प्रायव्हेट बँकिंग बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२३मध्ये त्याच दुकानाचं शटर पुन्हा वर केलं. गिऱ्हाईक श्रीमंत असलं तरी त्याला सांभाळण्याचा खर्चही तसाच असतो ना!

आधी घर, मग पैसा

माझी समजूत अशी होती की इथे पहिल्या मीटिंगला 'कुठला शेअर घ्यायचा' यावर चर्चा होत असेल. त्या ऑफिसातल्या सीनियर मॅडम, अठरा वर्षं याच क्षेत्रात असलेल्या, माझ्याकडे बघून हसल्या. ''पहिल्या मीटिंगला आम्ही एक कोरा कागद घेतो आणि वंशवेल काढतो.''

कोण कोणाचं? कोणाचं कोणाशी पटत नाही? धाकटा धंद्यात आहे का? मुलगी कुठे दिलीय? मुलगा अमेरिकेत असेल तर ग्रीन कार्ड आहे का? कारण तसं असेल तर त्याच्या नावावरचे भारतातले म्युच्युअल फंड तिकडच्या कर खात्याच्या दृष्टीने भलतीच डोकेदुखी ठरतात. लंडनला फ्लॅट घ्यायचाय? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणजे घरात किती माणसं आहेत आणि त्यांचा आपसात किती विश्वास आहे, यावर फ्लॅट ठरणार!

मग येतात वकील, सीए आणि इन्व्हेस्टमेंटवाले. पैशाची विभागणी होते. रोजच्या खर्चाचा डबा, सुरक्षित डबा, वाढीचा डबा आणि 'बुडाला तरी चालेल' असा एक छोटा डबा. यातला कुठला डबा किती मोठा, हे चक्क लिहून काढतात आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतात. ''का माहितीय?'' मॅडम म्हणाल्या, ''मार्केट पडलं की रात्री अकराला फोन येतो, सगळं विका. तेव्हा आम्ही तो सही केलेला कागद काढतो. आमची अर्धी फी त्या एका फोनची आहे.''

त्यांच्याच ओळखीने पुण्यातल्या एका बाईंना भेटले. सासऱ्यांनी उभा केलेला वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना कुटुंबाने एका परदेशी कंपनीला विकला होता. बाईंच्या हातावर साधी काचेची बांगडी, समोर पोह्यांची बशी. म्हणाल्या, ''कारखाना होता तोवर आम्ही ऑर्डरसाठी लोकांच्या मागे फिरायचो. तो विकला आणि लोक आमच्या मागे फिरायला लागले. पहिल्या महिन्यात घरी मिठाईचे इतके बॉक्स आले, की दिवाळी वाटावी.'' त्यांच्या सल्लागाराने काय केलं? ''पहिलं वर्षभर काहीच करू दिलं नाही. पैसे बाजूला ठेवले आणि म्हणाला, आधी सवय करून घ्या. मला राग यायचा तेव्हा. आता वाटतं, त्या वर्षाचेच त्याला खरे पैसे दिले.''

मग ती जादूची स्कीम?

''सांग ना रे, तुमच्याकडे वेगळं काय असतं?'' मी आरएमला पुन्हा छेडलं.

वेगळी दारं असतात, हे खरं. पीएमएस, म्हणजे पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस. इथे शेअर तुमच्याच नावावर घेतले जातात आणि मॅनेजर ते हाताळतो. सेबीने यासाठी किमान पन्नास लाखांची अट घातलीय, आधी ती पंचवीस लाखांची होती. दुसरं दार एआयएफचं, म्हणजे अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट फंड. स्टार्टअप, बिल्डरांना दिलेली कर्जं, शेअर बाजारात न आलेल्या कंपन्या असा सगळा माल तिथे. प्रवेश फी म्हणा हवं तर, किमान एक कोटी.

ऐकायला भारी वाटतं. पण दार महाग असलं म्हणजे आत सोनंच असेल असं नाही. काही पीएमएस बाजाराला मागे टाकतात, काही टाकत नाहीत. फी दोघंही घेतात. एआयएफमध्ये पैसे वर्षानुवर्षं अडकून राहतात. किमान रकमेची अट सेबीने घातली ती 'आत खजिना आहे' म्हणून नाही. आपटलं तर सोसू शकेल अशाच माणसाने आत जावं, म्हणून!

''खरं सांगू?'' आरएमने वडापावचा शेवटचा घास घेतला. ''माझ्या क्लायंटच्या पैशातला मोठा हिस्सा जिथे आहे, तिथे तूही पाचशे रुपयांपासून गुंतवू शकतेस. साधे म्युच्युअल फंड, बाँड, एफडी. फरक तिथे नाहीच.''

मग फरक कुठे आहे?

गेल्यानंतरचं

एक फरक मला मॅडमच्या टेबलावरच्या फायलींत दिसला. अर्ध्याहून जास्त फायली गुंतवणुकीच्या नव्हत्याच. त्या होत्या मृत्युपत्रांच्या, ट्रस्टच्या, भावाभावांतल्या कराराच्या.

आपल्याकडे यावरचा सगळ्यात मोठा धडा सगळ्या देशाने टीव्हीवर बघितला. धीरूभाई अंबानी ६ जुलै २००२ रोजी गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. २००४च्या अखेरीस दोन भावांतला वाद चव्हाट्यावर आला आणि १८ जून २००५ रोजी आई कोकिलाबेन यांनी वाटणीची घोषणा केली, तेव्हा कुठे तो पहिला अंक संपला. याउलट गोदरेज. १८९७पासूनचा समूह, एप्रिल २०२४मध्ये कुटुंबाच्या दोन शाखांत विभागला गेला, तो कुटुंबातल्या लेखी कराराने. मतभेद त्यांच्यातही असणारच. पण कागद आधी आणि घोषणा नंतर.

श्रीमंत लोक ट्रस्टचं एवढं का करतात? खासगी ट्रस्टचा कायदाच मुळी १८८२चा. एकेकाळी वारशावर जबर कर होता, एस्टेट ड्युटी. वरच्या टप्प्यात तो पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत जायचा! १९८५मध्ये तो रद्द झाला. तो परत येईल अशी चर्चा अधूनमधून उठते आणि प्रत्येक वेळी वकिलांचे फोन खणखणतात. पण मॅडमच्या मते कर हे निमित्त. खरी भीती असते ती भांडणाची, उधळ्या जावयाची, आणि आजारी मुलाकडे आपल्यामागे कोण बघणार, याची.

आणि 'नॉमिनी लावलाय की, झालं!' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांचं २०१३मध्ये निधन झालं. त्यांच्यामागे सुरू झालेल्या खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, की शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी मालक होतो का? १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल आला. नाही होत. नॉमिनीकडे पैसे येतात, पण मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. ज्यांचं कॅलेंडर बघून अख्खा महाराष्ट्र मुहूर्त काढतो, त्यांच्या घरच्या खटल्याने आपल्या सगळ्यांचा हा गैरसमज दूर केला.

तुला पैसे कोण देतं?

आता येऊया मुद्द्यावर. हा प्रश्न विचारायला मी दोन वडापाव खर्च केले.

या धंद्यात पैसे मिळवायच्या दोन पद्धती. पहिली कमिशनची. तुम्ही सल्लागाराला काहीच देत नाही, 'फ्री' असतं सगळं. तुम्ही जे विकत घेता ते बनवणारी कंपनी त्याला देते, अर्थात तुमच्याच पैशातून. दुसरी फीची. तुम्ही त्याला उघड बिल भरता. शंभर कोटी असतील आणि फी पाव टक्का असेल तर वर्षाला पंचवीस लाख. बाकी कोणाकडून त्याने छदामही घ्यायचा नाही.

सेबीने २०१३च्या नियमांनी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार हा वेगळा वर्ग केला आणि २०२०मध्ये रेघ आणखी ठळक केली. एकाच कुटुंबाला एका हाताने सल्ल्याची फी लावायची आणि दुसऱ्या हाताने कमिशन घ्यायचं, हे चालणार नाही. गंमत म्हणजे १ जानेवारी २०१३पासून प्रत्येक म्युच्युअल फंडात 'डायरेक्ट प्लॅन' आहे. तोच फंड, तोच मॅनेजर, फक्त मधलं कमिशन नाही. म्हणजे कमिशन किती होतं हे कोणालाही दोन आकडे शेजारी ठेवून बघता येतं.

एक टक्क्याने काय होतं? दहा लाख रुपये वीस वर्षांसाठी ठेवले आणि गृहीत धरा की अकरा टक्क्यांनी वाढले, तर होतात सुमारे ऐंशी लाख साठ हजार. दहा टक्क्यांनी वाढले तर सदुसष्ट लाख सत्तावीस हजार. फरक तेरा लाखांच्या वर! एक टक्का दिसतो केवढासा...

''मोठी कुटुंबं हे पहिल्या भेटीत विचारतात,'' आरएम म्हणाला. ''तू टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलायस? तुला पैसे आम्ही देणार की फंडवाला? तुझ्यासारखी माणसं विचारतच नाहीत. आम्ही गोड बोलतो, तुम्ही चहा पाजता.''

म्हणजे श्रीमंत फसत नाहीत? फसतात की! २०१०च्या डिसेंबरमध्ये गुडगावातल्या एका बड्या परदेशी बँकेच्या शाखेत रिलेशनशिप मॅनेजरनेच सेबीचं बनावट पत्र दाखवून श्रीमंत ग्राहकांचे शेकडो कोटी वळवल्याचं उघड झालं. मार्च २०२०मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे 'एटी-१' बाँड शून्य केले गेले. हेच बाँड ग्राहकांना 'सुपर एफडी' म्हणून विकल्याचं सेबीने आपल्या एप्रिल २०२१च्या आदेशात म्हटलंय. आणि १८५६ सालची क्रेडिट सुईस, जगभरच्या श्रीमंतांची लाडकी बँक, मार्च २०२३मध्ये एका वीकएंडला यूबीएसच्या पदरात घालावी लागली. ऑर्किड्स आणि पेंटिंग्ज म्हणजे काही गॅरंटी नाही.

'सुपर एफडी' हा शब्द मी वहीत लिहून घेतला. त्याच आठवड्यात तो मला पुन्हा ऐकू येणार होता.

तेविसावा दिवस

रविवारी साताऱ्याला गेले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून नुकतेच रिटायर झालेत. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, सगळं मिळून बेचाळीस लाख हातात आलेले आणि दरमहा पेन्शन. जेवताना मी बीकेसीच्या कॉफीकपाची गोष्ट रंगवून सांगत होते, तर बाबा म्हणाले, ''अगं, आता आपल्यालाही आरएम आहे!''

बँकेतला मुलगा घरी येऊन गेला होता. 'काका, काका' म्हणत होता. आईने केलेली थालीपीठं खाऊन गेला. त्याने बाबांचे पाच लाख एका 'एफडीपेक्षा भारी' योजनेत टाकून दिले होते. ''एफडीच, पण सुपर,'' असं बाबा अभिमानाने सांगत होते.

माझ्या घशात घास अडकला. कपाट उघडलं, फाईल काढली. ती एफडी नव्हतीच. विमा पॉलिसी होती. आणि पाच लाख एकदाच भरायचे नव्हते, दरवर्षी भरायचे होते. सात वर्षं! हातात आलेल्या बेचाळीस लाखांतले पस्तीस लाख एकट्या त्या पॉलिसीत जाणार होते. सगळी पानं इंग्रजीत, बारीक अक्षरात आणि शेवटच्या पानावर बाबांची वळणदार मराठी सही.

पानांचे फोटो काढून आरएमला पाठवले. पाचव्या मिनिटाला त्याचा फोन आला. नेहमीची मस्करी नाही, काही नाही. एकच प्रश्न. ''पॉलिसीचा कागद काकांच्या हातात कधी पडला?''

आईने कॅलेंडर बघितलं. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी तिने कुरिअर आल्याची खूण केली होती. तेवीस दिवस झाले होते.

''मग वाचलात,'' तो म्हणाला. ''फ्री लूक तीस दिवसांचा असतो. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत लेखी कळवलं, की परत करता येते. तोंडी नको, लेखी. पोच घे, शिक्का घे.''

सोमवारी सकाळी आम्ही दोघं शाखेत. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू चूक त्यांचीच होती. तो मुलगा माझ्यापेक्षाही लहान निघाला. आधी म्हणाला, ''काका, थांबा ना, पाच वर्षांत बघा कसं होतं ते.'' मग म्हणाला, ''मॅनेजर रजेवर आहेत.'' मी अर्ज पुढे केला आणि विचारलं, ''या पॉलिसीचे तुम्हाला पैसे कोण देतं?'' तो गप्प झाला. मग हळू आवाजात म्हणाला, ''मॅडम, टार्गेट असतं हो. महिनाअखेर होती.''

अर्जावर शिक्का बसला. काही दिवसांनी मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा किरकोळ खर्च कापून पैसे खात्यात परत आले. बाहेर पडल्यावर बाबांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? ''त्या पोराची नोकरी जाईल का गं?''

तेव्हा मला बीकेसीतल्या त्या ऑफिसचा आणि आमच्या शाखेचा फरक नीट कळला. जादूची स्कीम कुठेच नाही. श्रीमंतांनी विकत घेतलेली गोष्ट एकच, आपल्या बाजूने बसणारा एक माणूस. तो कागद शेवटच्या पानापर्यंत वाचतो, 'नको' म्हणतो, आणि त्याचं पोट तुमच्या 'हो'वर अवलंबून नसतं. बाबांकडेही असा माणूस होता, त्या दिवशी. पण तो माझा मित्र होता म्हणून, आणि कुरिअर आल्याची खूण आईने केली होती म्हणून. पाटबंधारे खात्यातून त्या महिन्यात आणखीही माणसं रिटायर झाली असतील. त्यांच्या घरी कोणाची मुलगी रविवारी आली होती का, मला माहीत नाही.

संध्याकाळी बाबांनी फुलस्केप कागद काढला. पहिल्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि आईला हाक मारली, ''अगं, तुझे दागिने कोणाला, ते सांग बघू.'' आई आतून म्हणाली, ''आधी मला घालू तरी द्या!''

मी मुंबईला निघताना बाबा स्टँडवर सोडायला आले. बस सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते. ''हा लेख लिहिणार आहेस ना, त्याचे तुला पैसे कोण देणार?''

''साप्ताहिकवाले.''

''आणि त्यांना?''

मी हसले. म्हटलं, जाहिरातवाले.

''मग बघून घे,'' बाबा म्हणाले, ''तुझ्या लेखाच्या मागच्या पानावर जाहिरात कोणाची आहे ते.''

चौकट : पाकीट छोटं असलं तरी...

- पहिला प्रश्न : सल्ला देणाऱ्याला विचारा, ''तुम्हाला पैसे कोण देतं, किती आणि कशावर?'' उत्तर एका वाक्यात आलं नाही तर सही करू नका. फी घेणाऱ्या नोंदणीकृत सल्लागारांची यादी सेबीच्या वेबसाइटवर आहे.

- 'फ्री' म्हणजे काय : म्युच्युअल फंडात 'डायरेक्ट' आणि 'रेग्युलर' प्लॅनचा खर्च शेजारी ठेवून बघा. मदत हवी असेल तर रेग्युलर घ्यायला हरकत नाही, पण मदतीची किंमत माहीत असू द्या.

- विमा : पॉलिसी हातात पडली की कॅलेंडरवर खूण करा. तीस दिवसांचा फ्री लूक तिथून मोजायचा. हप्ता किती वर्षं भरायचा, हे सगळ्यात आधी शोधा. पहिल्या वर्षीच्या हप्त्यावरचं कमिशन सहसा सगळ्यात घसघशीत असतं, म्हणून घाई त्यांना असते, तुम्हाला नाही.

- मृत्युपत्र : साध्या कागदावर चालतं. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. स्वतःची सही आणि दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार न केलेलं बरं. नॉमिनी लावणं हे वेगळं काम, तेही कराच.

- एक पान : खाती, पॉलिसी, लॉकर, कर्ज, सगळं एका कागदावर लिहा आणि तो कुठे ठेवलाय ते घरातल्या एका माणसाला सांगा. कोट्यधीशांची वंशवेल अशाच एका कोऱ्या कागदापासून सुरू होते. आपलीही होऊ शकते, या रविवारी!